चिंचोका पुढे

एका गावात एक सुईण होती आणि ती एका खेळात हरली. जिंकलेल्यांच्या गोष्टी ऐकून तुमचे कान किटले असतील, म्हणून ही हरलेलीची सांगतो. गावाचे नाव बोरखिंड. सुईणीचे नाव हौसा, पण सगळे गाव तिला हौसाक्का म्हणे.

त्या मुलखाच्या राजाला दोन नाद होते. एक लढायांचा आणि दुसरा चौरंगाच्या खेळाचा. पहिल्या नादापायी त्याला माणसे लागत. दुसऱ्या नादापायी तो वर्षातून एकदा, सुगी आटोपली की, गावोगाव फिरे. जे गाव खेळ जिंकेल त्या गावातून त्या वर्षी फौजेत कुणाला न्यायचे नाही, आणि जे हरेल त्याने दहा तरणे गडी द्यायचे, असा त्याने नियम केला होता. गेलेले गडी परत येत नसत. तसा काही नियम नव्हता, पण येत नसत.

चौरंगाचा खेळ बसून खेळायचा आणि मनात चालायचा. चौरंगावर खडूने गुहा आखलेली असे. एका बाजूला राजाचा सूत्रधार बसे. तो आपल्यापुढे एक सूप उभे करी, म्हणजे त्याच्या पोथीत काय लिहिले आहे ते कुणाला दिसू नये. समोर गावाचे दोन खेळाडू. प्रत्येकाचे एक सोंग, म्हणजे बोटभर उंचीची रंगवलेली लाकडी बाहुली. सूत्रधार सांगणार, पुढे अंधार आहे, पाण्याचा आवाज येतो आहे. खेळाडू सांगणार, माझे सोंग वाकून बघते. जमले की नाही ते दोन फासे ठरवणार. गुहेच्या शेवटी एक दिवा. तो घेऊन दोन्ही सोंगे जिवंत बाहेर आली तरच गाव जिंकले. सोंग मेले तर बाहुली चुलीत जाई आणि तो खेळाडू जन्मात पुन्हा चौरंगाशी बसत नसे.

दोन सोंगांपैकी एक शूर असे आणि दुसरे हाकारी. शूराकडे तलवार. हाकाऱ्याकडे नुसती हाक. चौरंगावर चिमूटभर पिठाचे रिंगण घालायचे आणि बारा ओळींची हाक न अडखळता म्हणायची, की दुसऱ्या कुठल्या तरी जगातून एक जीव त्या रिंगणात येऊन उभा राही. म्हणजे सूत्रधार तिथे एक चिंचोका ठेवी. आलेल्या जिवाने हाकाऱ्याचे ऐकलेच पाहिजे, असा नियम होता.

बोरखिंडचे लोक हुशार. त्यांनी फार लवकर ओळखले की गुहेत जिथे म्हणून धोका असेल तिथे चिंचोका पुढे घालावा. खड्डा असेल तर चिंचोका पडेल. आग असेल तर चिंचोका जळेल. मग आपली सोंगे त्याच्यावरून सावकाश चालत जातील. चिंचोके संपायचे नाहीत, कारण हाक संपायची नाही. या युक्तीवर बोरखिंडने लागोपाठ अकरा वर्षे खेळ जिंकला. पुढे तो बोलण्याचाच भाग झाला. आग्यामोहोळाचे पोळे काढायचे असो की रागावलेल्या सासऱ्याला उठवायचे असो, कुणाला तरी पुढे ढकलायचे आणि म्हणायचे, "चिंचोका पुढे!" सगळे हसत. ज्याला ढकलले तोही हसे, कारण न हसून सांगतो कुणाला.

बाराव्या वर्षी गावाचा हाकारी गणबा लकव्याने आडवा झाला आणि त्याची वाचा गेली. बारा ओळी दुसऱ्या कुणाला येईनात. एकाला सात आल्या, एकाला नऊ, आणि नवव्या ओळीवर त्याला खोकला आला. तेव्हा कुणाला तरी हौसाक्काची आठवण झाली. गावातले प्रत्येक बाळंतपण तिच्या ध्यानात होते. कुणाचे पोर पायाळू होते, कुणाच्या गळ्याला नाळ गुंडाळली होती, सगळे. तिने खांबाला टेकून अकरा वर्षे खेळ पाहिला होता. ती चौरंगाशी येऊन बसली आणि बाराही ओळी एका दमात म्हणून गेली.

"हाकारी मिळाला," रंगराव पाटील म्हणाला. पाटीलच गावाचा शूर होता. "आक्का, तुला दुसरं काय करायचं न्हाई. हाक मार, चिंचोका पुढं घाल. बाकीचं माझं मी बघतो."

राजा आला. देवळासमोर मांडव पडला. राजा उंच आसनावर, सूत्रधार नारोपंत सुपाआड, आणि भोवती सगळे गाव. नारोपंत म्हातारा आणि खरा माणूस होता. सूप उभे असताना तो जे बोलेल ते त्या गुहेत खरे, आणि ते त्याला स्वतःलासुद्धा मागे घेता येत नसे. गाव हरले तर फौजेत जायची ज्या दहा जणांची पाळी होती त्यांना मांडवाच्या कडेला उभे केले होते. त्या दहाही जणांची नाळ हौसाक्काने कापली होती.

पहिले दार पाटलाच्या तलवारीने उघडले. दुसरे दार फाशांनी चांगले दान दिले म्हणून उघडले. तिसऱ्या दाराशी नारोपंत थांबला. तो म्हणाला, "समोर दगडाचा जबडा आहे. जो पहिला आत जाईल त्याच्यावर तो मिटेल. एकदा मिटला की पुन्हा उघडेल आणि मग मिटणार नाही. पहिल्याने बारा टाकले, तरच तो वाचेल. जबड्यापलीकडे दिवा आहे."

मांडवात लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. असली दारे त्यांना पाठ होती. मागून दोघेचौघे ओरडलेसुद्धा, "चिंचोका पुढे!"

हौसाक्काने पिठाचे रिंगण घातले. बारा ओळी म्हटल्या. नारोपंताने रिंगणात चिंचोका ठेवला आणि पोथीत पाहून म्हणाला, "एक जीव आला आहे. गुडघ्याएवढा. अंगावर मऊ लव. हाताला ओले पीठ लागले आहे."

आता हे पीठ पोथीत का लिहिले होते, देव जाणे. शोभेला लिहिले असेल. अकरा वर्षांत असल्या शोभेकडे कुणी लक्ष दिले नव्हते. कुणाच्या पायाला चिखल असे, कुणाच्या तोंडात घास असे. नारोपंत वाचून दाखवी, आणि गणबा पुढचे ऐकायच्या आत चिंचोका ढकली. पण सुईणीला खोड असते. जीव हातात आला की ती आधी त्याच्याकडे नीट बघते.

हौसाक्काने विचारले, "त्येला बेंबी हाय का?"

लोक हसले. नारोपंत हसला नाही. त्याने पोथीचे पान उलटले, पुन्हा मागे आणले. असला प्रश्न त्याला तीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. खेळाडूने विचारले की सूत्रधाराने उत्तर द्यायचे, ही त्याच्या कामाची रीत. पोथीत उत्तर नव्हते, म्हणून त्याने पोथी मिटली आणि थोडा वेळ डोळे मिटून बसला. मग म्हणाला, "आहे."

"मग त्येला आई हाय," हौसाक्का म्हणाली. तिने चिंचोक्यावरचा हात काढून घेतला.

पाटलाचा आधी विश्वासच बसेना. "आक्का, घाल त्याला पुढं."

"कनिक मळता मळता उठून आलाय त्यो. आपन हाक मारली म्हनून आलाय. मी न्हाई घालायची."

"अगं, चिंचोका हाय त्यो! खरा न्हाई!"

"खरा न्हाई, ठावं हाय मला," हौसाक्का म्हणाली. "पन पुढं घालनारी मी खरी हाय."

यावर पाटलाला बोलता येईना, म्हणून तो ओरडला. तुमच्याही ओळखीत अशी माणसे असतील. त्याने मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या दहा जणांकडे बोट केले. हाकाऱ्याचे सोंग पडले तर गाव पडेल, आणि चिंचोका पडला तर काय पडेल, असे त्याने विचारले. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. हौसाक्कालाही ते कळत होते. तिने त्या दहा जणांकडे एकेक करून पाहिले. त्यांच्यातला कोंडिबा जन्मला तेव्हा रडला नव्हता. तिने त्याला पाय धरून उलटा केला होता आणि पाठीवर थापट्या मारून श्वास घ्यायला लावले होते. त्या श्वासाची वाट पाहण्यात तिने जेवढा वेळ काढला तेवढा पुन्हा कधी काढला नव्हता.

राजाला गंमत वाटू लागली होती. तो म्हणाला, "बाई, चिंचोका पुढे घालणार नसशील तर कोण जाणार?"

"हाक म्या मारली. म्याच जाते."

"बारा पडले नाहीत तर?"

"तर न्हाई पडले."

पण जायच्या आधी तिने एक वाटी दही मागितले. कुणी हलेना. पाटील डोळे वटारून बसला होता. शेवटी पाटलाचीच बायको, सरूबाई, गर्दीतून उठली, घरात गेली आणि दह्याची वाटी घेऊन आली. नवऱ्याकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. हौसाक्काने करंगळीने दह्याचा ठिपका त्या चिंचोक्याला लावला, जसा परगावी निघालेल्या माणसाच्या तळहातावर दही घालतात तसा. "जा बाबा घरला," ती म्हणाली. "आमच्या लोकांनी तुमच्यातल्या लई जनांना परत धाडलं न्हाई. त्यांच्या आयांना सांग, बोरखिंडची हौसा चुकली म्हनाली. अकरा वर्सं बघत हुती आन बोलली न्हाई."

नारोपंताने हात पुढे करून चिंचोका उचलला आणि सुपाआड नेला. तो म्हणाला, "जीव घरी पोचला."

मग हौसाक्काने आपल्या सोंगाची बाहुली उचलली, खडूने आखलेल्या जबड्याच्या तोंडाशी ठेवली आणि फासे टाकले.

एक फासा थांबला. सहा. दुसरा फिरत राहिला आणि चौरंगाच्या कडेला टेकून थांबला.

पाच.

एकाने कमी पडले. मी इथे सहा पडले असे सांगू शकलो असतो, माझी जीभ काही झिजली नसती. पण पडले पाच. नारोपंताने सूप आडवे केले. हौसाक्काने स्वतः उठून बाहुली मांडवामागच्या चुलीत घातली, कारण नियम नियम होता आणि तो तिला मान्य होता. बोरखिंड बारा वर्षांत पहिल्यांदा हरले.

मग व्हायचे ते झाले. बायका रडू लागल्या. ज्यांनी सकाळी तिला ओवाळले होते त्यांनीच तिला नको ते बोलून घेतले. पाटील म्हणाला, "एका चिंचोक्यापायी धा पोरं घालवलीस." हौसाक्का रडत होती. पण तोंड लपवून रडत नव्हती.

राजाने हात वर केला. डंका वाजला. शिपायांनी दहाही जणांना वेशीपाशी रांगेत उभे केले, आणि राजाचा हत्ती नेहमीप्रमाणे फौजेच्या मागे येऊन उभा राहिला. सगळ्यात पुढे ते दहा जण, त्यांच्यामागे भालेवाले, आणि शेवटी राजा. लढाईला जाताना हीच रीत होती.

तेवढ्यात लुगड्याचा पदर खोचून हौसाक्का वेशीत आली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. एका शिपायाने तिला बाजूला करायला हात लावला. "हात काढ," ती म्हणाली. त्याने काढला.

मग तिने हत्तीकडे मान वर करून विचारले, "म्हाराज, लढाईत पुढं कोन असतं?"

"पायदळ," राजा म्हणाला. "हे दहा असतील. नवे नेहमी पुढे असतात."

"आन तुमी?"

"राजा मागे असतो. राजा पडला तर राज्य पडेल."

"सोंगाबद्दल आमी बी ह्येच म्हनायचो," हौसाक्का म्हणाली.

गावातल्या एकेकाच्या डोक्यात उजेड पडत गेला, आणि तो फार सुखाचा उजेड नव्हता. राजा अकरा वर्षे त्यांचा खेळ मिटक्या मारत का पाहत होता, ते त्यांना आता कळले. त्यांचा खेळ त्याच्याच खेळासारखा होता.

हौसाक्का बोलत राहिली. "म्हाराज, मघाशी म्या चिंचोका पुढं घातला असता, तर जितले असते. पन मग तुमच्यापुढं उभं ऱ्हायाला मला तोंड ऱ्हायलं नसतं. मी हाक मारली आन मीच पुढं गेले. पडले. सोंग जाळलं. आता तुमची पाळी. या धा जनांना तुमी हाक मारलीया, म्या न्हाई. तर उतरा खाली आन पुढं व्हा. ही धा पोरं तुमच्या मागनं येतील. एक जरी मागं ऱ्हायला तर मला हितंच पुरा."

राजा म्हणाला, "ही बाई वेडी आहे. डंका वाजवा."

डंकेवाल्याने टिपरी उचलली आणि तशीच धरून ठेवली.

कोंडिबा रांगेतून एक पाऊल बाजूला झाला. पळायला नाही, तर वाट द्यायला. जन्मताना न रडलेला तो गडी मोठ्याने म्हणाला, "म्हाराज, आमी काय चिंचोकं हाय का? पुढं व्हा. आमी येतो."

दुसराही बाजूला झाला. "पुढं व्हा. आमी येतो." मग तिसरा. दहाही जण रस्त्याच्या दोन्ही कडांना झाले आणि मधली वाट मोकळी राहिली. मग पाटील आला. हौसाक्काला शिव्या देणारा तोच रंगराव. तो खाली मान घालून त्या रांगेच्या शेवटी उभा राहिला आणि पुटपुटला, "म्हाराज, मी अकरावा. पन तुमी पुढं व्हा."

राजासाठी सगळ्यात वाईट हे झाले की भालेवाल्यांनी माना त्याच्याकडे वळवल्या. तेसुद्धा कुठल्या तरी हरलेल्या गावांतून हाक मारून आणलेलेच होते. त्यांच्यातला एक पिकल्या मिशांचा शिपाई होता. बरोबर आलेल्या नऊ जणांपैकी त्याच्यासोबत आता कुणी उरले नव्हते. त्याने भाला जमिनीला टेकवला आणि तोही बाजूला झाला. एवढी वर्षे राजाच्या पुढे चालल्यामुळे त्याने राजाचे तोंड असे समोरून कधी पाहिले नव्हते. तो म्हणाला, "व्हय म्हाराज. आमी बी येतो. व्हा पुढं."

हत्तीपासून वेशीपर्यंत आणि वेशीपासून थेट लढाईपर्यंत वाट मोकळी होती. ती फक्त राजासाठी ठेवलेली होती. राजाने त्या वाटेकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग त्याने माहुताच्या खांद्याला हात लावला.

हत्ती वळला आणि राजवाड्याच्या दिशेने चालू लागला. राजा त्या दिवशी खरोखरच सगळ्यांच्या पुढे होता. शिपाई मागून आरामात, गप्पा मारत गेले. पिकल्या मिशांचा शिपाई मात्र दुसऱ्याच फाट्याने वळला. तिकडे त्याचे गाव होते, आणि त्याला कुणी अडवले नाही. त्या वर्षी लढाई झाली नाही. ज्याला ती हवी होती तो पुढे व्हायला तयार नव्हता, आणि जे पुढे होत असत त्यांना ती कधीच नको होती.

हौसाक्का पुन्हा चौरंगाशी बसली नाही. नियम म्हणजे नियम. बाळंतपणे मात्र तिने पुढेही पुष्कळ केली. बोरखिंडमध्ये तो खेळ अजून खेळतात. हाकाऱ्याने हाक मारली आणि चिंचोका रिंगणात आला की भोवती बसलेले सगळे आधी विचारतात, "बेंबी हाय का?" सूत्रधार कुणीही असो, त्याला "आहे" म्हणावेच लागते. मग जीव कुठून आला, घरी कोण आहे, हे विचारून होते. तो स्वखुशीने मदत करणार असेल तर करतो, नाहीतर दह्याचा ठिपका घेऊन घरी जातो. जबड्यात पाय घालायची वेळ आली, तर हाक मारणाऱ्याचे सोंग पुढे असते. गाव कधी जिंकते, कधी हरते. डंका मात्र त्या वेशीत पुन्हा वाजला नाही, आणि "चिंचोका पुढे" असे आता तिथे कुणी म्हणत नाही.

तात्पर्य: ज्याला आपण हाक मारून आणले त्याला आपल्या जागी मरायला पुढे घालू नये, खेळातसुद्धा घालू नये, आणि जो आपल्याला तसे पुढे घालू पाहतो, तो राजा असला तरी त्याला वाट मोकळी करून सांगावे, आधी तू हो पुढे.